घंटी नव्हे, मेट्रोनोम: डॉग ट्रेनिंगचा पाया घालणारे पावलोव्ह कुत्र्यांपर्यंत पोहोचले कसे?

संध्याकाळची वेळ. घरातलं कुणीतरी खुंटीवरची साखळी उचलतं. जरासा खळखळाट होतो आणि आतल्या खोलीत गाढ झोपलेला कुत्रा दारात हजर. शेपूट हलतेय, जीभ बाहेर, अंगात नुसती धांदल. साखळीत खाण्यासारखं काही नाही. मग तिचा आवाज आणि फिरायला जाणं यांचा संबंध त्याला कुणी शिकवला?

कुणीच नाही. साखळी आधी वाजते, फिरणं नंतर होतं, हे रोज घडत गेलं आणि कुत्र्याने त्याचा त्याने हिशेब जुळवला.

कुत्र्याला पहिल्यांदा ट्रेनरकडे नेलं की कमांड, मार्कर, रिइन्फोर्समेंट, डिस्ट्रॅक्शन असे शब्द कानावर पडायला लागतात. हे शब्द वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या काळात रुळवले. पण त्यांच्यामागच्या बऱ्याच कल्पना पहिल्यांदा नीट मोजल्या गेल्या त्या रशियातल्या सेंट पीटर्सबर्गच्या प्रयोगशाळांमध्ये. आणि ज्या माणसाने त्या मोजल्या, तो कुत्र्यांना बस-ऊठ शिकवणारा ट्रेनर नव्हता. मानसशास्त्रज्ञही नव्हता. त्याचा विषय होता पचन.

त्याचं नाव इव्हान पेत्रोविच पावलोव्ह. अकरावी-बारावीला मानसशास्त्र घेतलेल्यांना हे नाव 'अभिजात अभिसंधान' या भागातून माहीत असतं. घंटी वाजली, कुत्र्याला लाळ सुटली, उत्तर लिहिलं, मार्क मिळाले. प्रत्यक्षातली गोष्ट बरीच मोठी आहे आणि तिच्यात घंटीचं काम अगदीच थोडं आहे.

पाद्र्याचा मुलगा प्रयोगशाळेत

पावलोव्ह यांचा जन्म २६ सप्टेंबर १८४९ चा, मॉस्कोच्या आग्नेयेला असलेल्या रियाझान गावातला. वडील ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये पाद्री. लहानपणी इव्हान उंचावरून पडला, प्रकृती बरेच दिवस सुधारली नाही आणि शाळेत जायलाच अकरावं वर्ष उजाडलं. शाळा अर्थातच चर्चची. मोठा मुलगा बापाच्या पावलावर पाऊल टाकणार हे घरात ठरलेलंच होतं.

पण तो काळ रशियात विज्ञानाचं वारं सुटल्याचा होता. इव्हान सेचेनोव्ह नावाच्या शास्त्रज्ञाने १८६३ मध्ये मेंदूच्या प्रतिक्षिप्त क्रियांवर लिहिलं होतं. माणसाच्या मनात जे चालतं त्याचाही शरीराच्या यंत्रणेतून अभ्यास करता येईल, अशी ती मांडणी होती. असल्या वाचनाने पोराच्या डोक्यात किडा वळवळला. १८७० मध्ये त्याने पाद्री होण्याचा नाद सोडला आणि सेंट पीटर्सबर्ग विद्यापीठ गाठलं.

पुढची वीस वर्षं ओढगस्तीची गेली. विद्यापीठातली पदवी, मग वैद्यकीय शिक्षण, १८८१ मध्ये सेराफिमाशी लग्न, १८८३ मध्ये हृदयाच्या मज्जातंतूंवर प्रबंध, मग दोन वर्षं जर्मनीत अभ्यास. हुशारीबद्दल कुणाला शंका नव्हती, पण पक्की नोकरी नव्हती. पैशांअभावी नवरा-बायकोला काही काळ वेगळं राहावं लागलं. पहिलं मूल लहानपणीच गेलं. अखेर १८९० मध्ये लष्करी वैद्यकीय अकादमीत प्राध्यापकी मिळाली आणि पाठोपाठ नव्या प्रायोगिक वैद्यक संस्थेत शरीरक्रियाशास्त्र विभाग हातात आला. तेव्हा पावलोव्ह चाळिशी ओलांडून गेले होते.

इथे त्यांनी एक वेगळी पद्धत लावून धरली. त्या काळी प्राण्यावर प्रयोग म्हणजे टेबलावर कापायचा, काय दिसतं ते टिपायचं, प्राणी मरायचा, विषय संपला. मरणासन्न प्राण्याचं पचन निरोगी प्राण्यासारखं कसं असेल, हा पावलोव्ह यांचा आक्षेप. म्हणून त्यांनी कुत्र्यांसाठी माणसांच्या तोडीचं ऑपरेशन थिएटर उभारलं, जंतुविरहित शस्त्रक्रिया केल्या आणि शस्त्रक्रियेतून बऱ्या झालेल्या कुत्र्यांचा महिनोन् महिने अभ्यास केला. जठराचा एक छोटा कप्पा वेगळा शिवून त्यातून रस बाहेर काढण्याची शस्त्रक्रिया साधेपर्यंत अनेक कुत्रे दगावले. ज्याच्यावर ती यशस्वी झाली त्याचं नाव होतं द्रुझोक, म्हणजे छोटा दोस्त.

या पद्धतीला माणुसकीची म्हणायचं की नाही, हे ज्याने त्याने ठरवावं. कारण याच प्रयोगशाळेत काही कुत्र्यांची अन्ननलिका गळ्यातून बाहेर काढलेली असायची. ते खात राहायचे, घास गळ्यातून बाहेर पडायचा आणि इकडे रिकाम्या जठरातून रस गोळा व्हायचा. तो रस गाळून अपचनावरचं औषध म्हणून बाटल्यांतून विकला जाई आणि त्यातून प्रयोगशाळेला चांगला पैसा मिळे.

या सगळ्या कामासाठी १९०४ मध्ये पावलोव्ह यांना नोबेल पारितोषिक मिळालं. रशियाचं ते पहिलं नोबेल. बहुतेकांचा समज असतो की ते लाळेच्या प्रयोगांसाठी होतं. ते होतं पचनसंस्थेच्या कामासाठी.

न खाताच सुटलेली लाळ

लाळेचं प्रकरण खरं तर अडचण म्हणून सुरू झालं. तोंडात अन्न गेल्यावर किती लाळ सुटते हे मोजायचं होतं. पण सरावलेले कुत्रे अन्न यायच्या आधीच लाळ गाळायला लागायचे. ताटली दिसली की लाळ, रोजचा माणूस दिसला की लाळ.

दुसऱ्या कुणी हा त्रास टाळायचा मार्ग शोधला असता. पावलोव्ह यांनी तोच विषय घेतला. सुरुवातीला तेही याला मानसिक लाळ म्हणत. पण कुत्र्याच्या मनात काय चाललंय याचा अंदाज बांधत बसायचं का, यावरून १९०० च्या आसपास त्यांचं आणि स्नार्स्की या सहकाऱ्याचं चांगलंच वाजलं. स्नार्स्की कुत्र्याचे विचार, इच्छा, भावना यांच्या भाषेत बोलत. पावलोव्ह यांचं म्हणणं असं की थेंब मोजता येतात, इच्छा मोजता येत नाहीत. तेव्हा थेंबांबद्दलच बोलू. आजही चांगला ट्रेनर कुत्रा हट्टी आहे, मुद्दाम करतो, सूड घेतो ही तक्रार ऐकून घेतो आणि विचारतो की त्याने नेमकं काय केलं आणि त्याच्या लगेच आधी काय घडलं होतं.

अन्नाने सुटणारी लाळ उपजत असते, तिला काही शिकावं लागत नाही. ताटलीने सुटणारी लाळ मात्र अटीवर अवलंबून असते. ताटलीनंतर अन्न येत राहिलं तरच ती टिकते. रशियन शब्दाचा अर्थ हाच होता, 'सशर्त' प्रतिक्षिप्त क्रिया. इंग्रजीत जाताना त्याचं 'कंडिशन्ड' झालं आणि सवय घट्ट बसवून टाकली असा काहीसा अर्थ त्याला चिकटला. या एका भाषांतराने पुढे बऱ्याच लोकांचा गैरसमज केला. कारण मूळ शोधाचा गाभाच असा होता की शिकलेली गोष्ट कायमची नसते.

आता त्या घंटीबद्दल. पावलोव्ह यांना दर वेळी तंतोतंत सारखा देता येईल असा इशारा हवा असायचा. म्हणून त्यांच्याकडे मेट्रोनोम असे, म्हणजे संगीताचा ताल मोजणारं टिकटिक यंत्र. शिवाय विजेचा बझर, दिवे, कातडीला हलका स्पर्श करणारं उपकरण, आणि चक्क हार्मोनियमही. बिचारी घंटी जगप्रसिद्ध झाली, पण प्रयोगशाळेतला खरा मानकरी मेट्रोनोम.

आधी काय, नंतर काय

सर्वात महत्त्वाची गोष्ट निघाली ती क्रमाची. आधी टिकटिक आणि मग अन्न दिलं, तर काही दिवसांत नुसत्या टिकटिकीने लाळ सुटायची. उलट केलं, आधी अन्न आणि मग टिकटिक, तर कितीही वेळा केलं तरी संबंध जुळत नव्हता. कुत्र्याच्या दृष्टीने इशारा म्हणजे पुढे काय येणार याची बातमी. गोष्ट घडून गेल्यावर आलेल्या बातमीचा उपयोग काय?

घरोघरी होणारी चूक हीच आहे. हातात बिस्किट आधी दाखवायचं आणि मग सिट, सिट म्हणत राहायचं. कुत्रा बिस्किट पाहून बसतो, शब्द हवेत विरतो. नंतर बिस्किटाशिवाय तो बसत नाही म्हणून ओरडा खातो.

अन्न देऊन इशाऱ्याला बळकटी देणं, याला पावलोव्ह यांच्या प्रयोगशाळेत जो शब्द होता तोच पुढे रिइन्फोर्समेंट, मराठी पुस्तकांत प्रबलन, म्हणून पसरला. क्लिकरचं मूळही इथेच सापडतं. क्लिकर म्हणजे टक् असा आवाज करणारी मुठीत मावणारी डबी. अमेरिकेत १९४० च्या दशकात केलर आणि मॅरियन ब्रेलँड या जोडप्याने प्राण्यांच्या ट्रेनिंगमध्ये असा आवाज वापरायला सुरुवात केली. कुत्रा बरोबर बसला त्या क्षणी टक्, आणि मग खाऊ. खिशातून खाऊ काढेपर्यंत कुत्रा उठून गेलेला असतो. टक् मात्र नेमक्या क्षणाला करता येतं. पण त्यासाठी आधी टक् म्हणजे खाऊ हे कुत्र्याला पक्कं कळायला हवं. म्हणून पहिल्या दिवशी काहीच न मागता टक्-खाऊ, टक्-खाऊ करत राहतात. ही थेट पावलोव्ह यांची मेट्रोनोमची पद्धत झाली, फक्त यंत्र स्वस्त.

मग पुढचा प्रश्न. टिकटिक सुरू ठेवली आणि अन्न द्यायचं बंद केलं तर? लाळ कमी कमी होत थांबली. याला विलोपन म्हणतात. पण खरी मेख पुढे होती. त्याच कुत्र्याला विश्रांती देऊन नंतर पुन्हा टिकटिक ऐकवली, तर मधे अन्न न देताही लाळ परत आली. म्हणजे शिकलेलं पुसलं गेलं नव्हतं, दाबलं गेलं होतं.

जेवणाच्या ताटाजवळ येऊन भुंकणाऱ्या कुत्र्याकडे आठवडाभर दुर्लक्ष केल्यावर तो सुधारतो, आणि एके दिवशी काही कारण नसताना पुन्हा भुंकतो. घरच्यांना वाटतं सगळी मेहनत पाण्यात गेली. खरं तर हे अपेक्षितच असतं. त्या दिवशी आजीने कळवळून पोळीचा तुकडा टाकला नाही, तर भुंकणं पुन्हा ओसरतं. टाकला तर मात्र कठीण आहे.

अजून एक प्रसंग फार मजेचा आहे. सहकारी एखाद्या कुत्र्याला नवीन इशारा पक्का शिकवायचे आणि कौतुकाने पावलोव्ह यांना दाखवायला बोलवायचे. पावलोव्ह खोलीत आले की कुत्रा ढिम्म. लाळेचा थेंब नाही. पुन्हा पुन्हा असं झाल्यावर पावलोव्ह यांच्या लक्षात आलं की बिघाड ते स्वतःच आहेत. खोलीत नवा माणूस आला की कुत्र्याचं सगळं लक्ष हे काय आहे याचा शोध घेण्यात जातं आणि शिकलेलं तेवढ्यापुरतं मागे पडतं. हॉलमध्ये शहाण्यासारखा बसणारा कुत्रा सोसायटीच्या गेटवर सिटचं नावही ओळखत नाही, त्याचं कारण हेच. ट्रेनर याला डिस्ट्रॅक्शन म्हणतात आणि म्हणूनच एकच कमांड आधी घरात, मग जिन्यात, मग रस्त्यावर नव्याने शिकवतात.

पावलोव्ह यांचा उपाय अर्थातच टोकाचा होता. १९१० च्या दशकात त्यांनी संस्थेच्या आवारात जाड भिंतींची, बाहेरचा आवाज आणि हादरे आत येऊ नयेत अशी वेगळी इमारत बांधून घेतली. तिला नाव पडलं 'टॉवर ऑफ सायलेन्स'. मुंबईकरांना या नावाने मलबार हिलवरची पारशी दखमा आठवेल, तिच्याशी याचा संबंध नाही. इथे कुत्रा एका खोलीत, शास्त्रज्ञ दुसऱ्या खोलीत, आणि मधे नळ्या, तारा.

वर्तुळ की लंबवर्तुळ?

१९१४ मध्ये शेंगर-क्रेस्तोव्हनिकोव्हा या संशोधिकेने एक साधा दिसणारा प्रयोग केला. कुत्र्यापुढे वर्तुळ दाखवलं की अन्न. लंबवर्तुळ दाखवलं की काही नाही. कुत्रा पटकन शिकला. हे त्याला जमणारच होतं, कारण याच प्रयोगशाळांतले कुत्रे मेट्रोनोमचे मिनिटाला १०० ठोके आणि ९६ ठोके यांतला फरकही ओळखत. मग लंबवर्तुळ हळूहळू फुगवत वर्तुळाच्या जवळ नेलं. त्याच्या दोन अक्षांचं प्रमाण ९ ला ८ पर्यंत आलं. तिथे कुत्र्याला फरक कळेना. तीन आठवडे प्रयत्न चालू राहिले. सुधारणा राहिली बाजूला, कुत्र्याचं आधीचंही बिघडलं. एरवी शांत उभा राहणारा तो प्राणी किंचाळायला लागला, अंग झटकायला लागला, अंगावरच्या नळ्या दातांनी तोडायला लागला. जे सोपं लंबवर्तुळ त्याला आधी ओळखता यायचं तेही येईना.

त्याला कुणी मारलं नव्हतं. उपाशी ठेवलं नव्हतं. फक्त इशारा असा झाला होता की बरोबर काय आणि चूक काय हे त्याला कळण्याचा मार्गच उरला नाही.

पावलोव्ह यांच्या सगळ्या कामात ट्रेनिंगसाठी सर्वात मोलाचं काही असेल तर हे आहे, आणि नेमकं तेच धड्यात येत नाही. सोफ्यावर चढलं की बाबा ओरडतात, आई कुरवाळते, पाहुणे आले की दोघंही ओढून खाली उतरवतात. कम म्हणून हाक मारायची आणि आल्यावर आधीच्या चुकीसाठी फटका द्यायचा. अशा घरातला कुत्रा चिडका किंवा भेदरट झाला, तर दोष जातीला दिला जातो.

कुत्र्यांचे स्वभाव वेगवेगळे असतात हे पावलोव्ह यांनाही मान्य होतं. एकाच प्रयोगाने एक कुत्रा खवळतो, दुसरा कोपऱ्यात गोठून बसतो, तिसऱ्याला काहीच होत नाही, यावरून त्यांनी कुत्र्यांच्या मज्जासंस्थेचे प्रकारही पाडले. पण प्रयोग सारखाच असला तरी सोसण्याची ताकद सारखी नसते, एवढाच त्याचा अर्थ होता.

दुष्काळ आणि पूर

१९१७ ची क्रांती आली. नोबेलचे पैसे त्यात गेले. मुलगा व्हिक्टर यादवीच्या काळात वारला, दुसरा मुलगा बोल्शेविकांच्या विरुद्ध बाजूने लढत होता. शहरात माणसांनाच खायला नव्हतं, तिथे कुत्र्यांचं काय. प्रयोगशाळेतले कुत्रे भुकेने मेले. सत्तरीतले पावलोव्ह संस्थेच्या जमिनीवर भाजी पिकवत होते. १९२० मध्ये त्यांनी देश सोडण्याची परवानगी मागितली. जगभर नाव असलेला माणूस जाणं परवडणारं नव्हतं, म्हणून जानेवारी १९२१ मध्ये लेनिन यांनी खास हुकूम काढून त्यांच्या शिध्याची आणि कामाची सोय करून दिली. पावलोव्ह राहिले, पण गप्प बसले नाहीत. पाद्र्यांच्या मुलांना लष्करी अकादमीतून काढायला सुरुवात झाली, तेव्हा आपणही पाद्र्याचाच मुलगा म्हणून त्यांनी तिथली प्राध्यापकी सोडली.

२३ सप्टेंबर १९२४ ला नेवा नदीला पूर आला. शहराचं नाव तोवर लेनिनग्राड झालं होतं. कुत्र्यांच्या खोल्यांत पाणी शिरलं. पिंजऱ्यांची दारं खाली आणि पाणी वर, म्हणून बाहेर काढताना कुत्र्यांना क्षणभर पाण्याखालून ओढावं लागलं. सगळे वाचले. पण नंतर काही कुत्र्यांची वर्षानुवर्षांची शिकवण गायब झालेली आढळली.

त्यातला एक कुत्रा स्पेरान्स्की या सहकाऱ्याकडे होता. हर प्रकारे करून पाहिलं, इशाऱ्याला प्रतिसाद नाही. मग प्रयोग करणारा नेहमीसारखा शेजारच्या खोलीत न बसता कुत्र्याजवळ येऊन बसला. शिकलेलं परत यायला लागलं. तो बाहेर गेला की पुन्हा गेलं. ज्या शास्त्रज्ञाने माणसाचा अडथळा टाळण्यासाठी जाड भिंती उभ्या केल्या, त्याच्याच कुत्र्याला भीतीतून बाहेर काढायला ओळखीचा माणूस लागला. हळूहळू कुत्रा सावरला. त्यानंतर एकदा त्याच्या खोलीत दाराखालून मुद्दाम थोडं पाणी सोडण्यात आलं. फार नाही, बारीक धार. कुत्र्याची अवस्था पुन्हा पूर आला त्या दिवसासारखी झाली.

दिवाळीत फटाक्यांना घाबरून पलंगाखाली शिरणाऱ्या कुत्र्याला ओरडून बाहेर काढू नये, असं सांगितलं जातं ते याच अनुभवाशी जुळतं. घाबरलेला कुत्रा कमांड मोडत नसतो, त्या वेळी ती त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही.

एक गोष्ट मात्र पावलोव्ह यांच्या चौकटीत नीट बसत नव्हती. लाळ आपोआप सुटते, पण बसणं ही कुत्र्याने स्वतः करायची गोष्ट आहे. केलेल्या कृतीच्या परिणामातून प्राणी शिकतो, हे अमेरिकेत एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १८९८ मध्येच मांजरांवर दाखवलं होतं. पावलोव्ह यांनीही त्यांचं श्रेय मान्य केलं. १९२८ मध्ये वॉर्सातले येझी कोनोर्स्की आणि स्तेफान मिलर हे दोन तरुण पुढे आले. त्यांनी कुत्र्याचा पाय हाताने वाकवून लगेच अन्न दिलं. काही दिवसांत कुत्रा आपणहून पाय उचलायला लागला. आजच्या भाषेत तो शेकहँड शिकला. पावलोव्ह यांनी कोनोर्स्कींना लेनिनग्राडला बोलावून घेतलं, पण हा शिकण्याचा वेगळाच प्रकार आहे हे त्यांना पूर्णपणे पटलं नाही. पुढे बी. एफ. स्किनर यांनी याच वाटेने 'साधक अभिसंधान' मांडलं. सिट, स्टे, हील हे सगळं त्यात येतं.

पावलोव्ह अखेरपर्यंत काम करत राहिले. २७ फेब्रुवारी १९३६ रोजी न्यूमोनियाने त्यांचं लेनिनग्राडमध्ये निधन झालं. वय ८६.

त्याच्या आदल्या वर्षी, १९३५ मध्ये, त्यांच्या पुढाकाराने संस्थेच्या बागेत एक स्मारक उभं राहिलं. वर बसलेला एक कुत्रा, अनाम. खाली चौथऱ्यावर प्रयोगशाळेतली दृश्यं कोरलेली. आणि भोवती वेगवेगळ्या जातींच्या कुत्र्यांची डोकी. ते स्मारक कारंजंही आहे, त्यामुळे पाणी सोडलं की त्या सगळ्यांच्या तोंडातून धार लागते.